स्मृतीचे स्थलांतर

मनुष्याला आपल्या स्मरणशक्तीचे मोल ती क्षीण होऊ लागली म्हणजेच कळते. संगणकाच्या बाबतीतही हेच खरे, असा अनुभव मला गेल्या दिवाळीनंतर आला. आपल्या महाविद्यालयात लॅपटॉप बाळगणारे विद्यार्थी आता पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांचे लॅपटॉप माझ्यासारखेच दुसऱ्याने वापरून विकलेले, जुने आणि सुरू होण्यास आठ-दहा मिनिटे लावणारे असतात. असा लॅपटॉप टाकून न देता त्यातील जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, कशी बसवावी आणि तसे करताना आतील सर्व मजकूर जसाच्या तसा नव्या जागी कसा न्यावा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्राचा माझा अभ्यास दहावीपर्यंतचाच. तेव्हा जे मला समजले ते कोणासही समजेल, याविषयी मला शंका नाही.

प्रथम हे सारे करण्याची वेळ का आली, ते सांगणे आवश्यक आहे.

अकोले तालुक्यातील आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावी झाल्यावर आबांनी कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढून हा लॅपटॉप घेऊन दिला. प्रथम वर्षाला असताना मराठी विभागाच्या लोकसाहित्य प्रकल्पासाठी मी माझ्या आजीच्या आणि आळीतील इतर बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. एकूण ६३ ध्वनिमुद्रणे झाली. मोबाइलमधील जागा भरली, तेव्हा ती सारी मी लॅपटॉपवर उतरवली आणि मोबाइलवरून पुसून टाकली. म्हणजे त्या ६३ ध्वनिमुद्रणांची जगात एकच प्रत उरली, आणि हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही. पुढे भाद्रपदात आजी गेली.

दिवाळीच्या सुट्टीहून वसतिगृहावर परतताना मी लॅपटॉप बंद न करता नुसता मिटला आणि पिशवीत घातला. झाकण मिटले तरी यंत्र चालूच राहावे, अशी व्यवस्था मीच गाणी ऐकण्यासाठी करून ठेवली होती. एस. टी.त मागच्या बाकावर जागा मिळाली. रस्ता कसा आहे ते आपण सर्व जाणताच. त्याच रात्री लॅपटॉपमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि फोल्डर उघडताना यंत्र गोठल्यासारखे थांबू लागले. गावातील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेले. तो म्हणाला, “डिस्क गेली. नवी टाकून विंडोज भरून देतो. जुनं काही मिळणार नाही.” त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. यंत्र चालू करून देणे हा त्याचा व्यवसाय, आतले जपणे हा नव्हे. पण मी लॅपटॉप तसाच उचलून परत आणला.

डिस्कच्या आत काय असते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत चकत्या असतात. लॅपटॉपमधील बहुतेक डिस्कच्या चकत्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एक भुजा या चकत्यांवरून आतबाहेर सरकते. तिच्या टोकाला असलेले वाचक-शीर्ष चकतीला न टेकता अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. मनुष्याच्या केसाची जाडी या अंतराच्या कित्येक हजार पट भरेल. चकती फिरत असताना धक्का बसला, तर शीर्ष चकतीवर आपटते आणि तेथील लेप खरवडला जातो. माझ्या डिस्कचे बहुधा हेच झाले असावे.

हवा तो मजकूर वाचण्यासाठी भुजेला योग्य वर्तुळावर जावे लागते आणि मग चकतीचा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबावे लागते. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते थांबण्यातच जातात. भुजा हलण्याचा वेळ धरला तर एका वेचणीस पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हे ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु संगणक सुरू होताना अशा हजारो लहान लहान वेचण्या निरनिराळ्या ठिकाणांहून कराव्या लागतात. जाते फिरल्याशिवाय पीठ पडत नाही, तशी चकती फिरल्याशिवाय डिस्कमधून अक्षर बाहेर पडत नाही. जुना लॅपटॉप मंद का, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते.

ही पद्धत जुनी आहे. आयबीएम या कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर जगातील पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तेवढी जागा घेते.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीची कल्पना मांडली. तिचा आज एसएसडीत वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. या स्मृतीत अतिसूक्ष्म कप्पे असतात व त्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावरून तेथे काय लिहिले आहे ते कळते. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन तेथेच राहतात. १९९१ साली सनडिस्क (पुढे सॅनडिस्क) या कंपनीने अशी एक ड्राइव्ह तयार केली. तिची क्षमता होती अवघी २० मेगाबाइट. भुजा नाही, चकती नाही, त्यामुळे एका वेचणीस एका मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. एसएसडी घातल्यावर जुना लॅपटॉप नवा झाल्यासारखा का वाटतो, हे यावरून लक्षात येईल.

मात्र फ्लॅशचे काही दोषही आहेत. एक कप्पा किती वेळा पुसून पुन्हा लिहिता येईल, याला मर्यादा असते. शिवाय लिहिणे लहान लहान पानांवर होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या गठ्ठ्यानेच होते. म्हणून एसएसडीतील नियंत्रक चिप सर्व कप्प्यांवर झीज सारखी वाटून देते. एखादी फाइल आपण पुसली की तिची जागा आता मोकळी आहे, असा निरोप संगणक या चिपला देतो. या निरोपास ट्रिम म्हणतात. याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते, एसएसडीवर ती आशा फार थोडी असते.

नक्कल दोन प्रकारची

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जुन्या डिस्कवरील सर्व फाइली नव्या डिस्कवर ओढून टाकल्या म्हणजे काम झाले, असे मलाही वाटत होते. परंतु तसे केलेल्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. असे का, ते गावाकडच्या उदाहरणाने सांगते.

डिस्क म्हणजे गावचे शिवार समजा. शिवाराचे गट पाडलेले असतात, तसे डिस्कचे विभाग पाडलेले असतात, त्यांस पार्टिशन म्हणतात. कोणता गट कोठे सुरू होतो व कोठे संपतो याचा नकाशा डिस्कच्या आरंभी असतो. प्रत्येक विभागात कोणती फाइल कोठे आहे याची नोंदवही असते, ती जणू सातबाराच. आपण फाइल पुसतो तेव्हा हार्ड डिस्कवर नुसती सातबाऱ्यावरील नोंद कमी होते. जमीन तशीच पडून असते. याखेरीज सी, डी असे जे विभाग आपणांस दिसतात, त्यांच्या जोडीला काही न दिसणारे विभागही असतात. संगणकाला जागे करणारा मजकूर अशाच एका लहान विभागात असतो. आपण फाइली ओढून नेतो तेव्हा फक्त पीक नेतो; नकाशा, सातबारा आणि चावडी मागेच राहतात.

क्लोन म्हणजे नकाशासकट, सातबाऱ्यासकट, न दिसणाऱ्या विभागांसकट सबंध शिवाराची नक्कल. ती दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात साधन नोंदवही वाचते आणि जेथे काही लिहिलेले आहे तेवढाच भाग उतरवते. हा प्रकार जलद असतो व लहान डिस्कवरही मजकूर बसवता येतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, रिकामी जागासुद्धा, सर्व काही जसेच्या तसे उतरवले जाते. सेक्टर म्हणजे डिस्कवरील लहानात लहान तुकडा, ५१२ किंवा ४०९६ बाइटचा. निरोगी डिस्कसाठी पहिला प्रकार सोयीचा. आजारी डिस्कची नोंदवहीच फाटलेली असू शकते, म्हणून तेथे दुसरा प्रकार घ्यावा.

खरेदी करण्यापूर्वी

एसएसडी घेण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपला कोणत्या जातीची चालते, ते पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते, तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. साटाच्या तिसऱ्या आवृत्तीवर सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वेग मिळतो. नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू नावाची पट्टीसारखी एसएसडी असते. तिची सर्वसाधारण लांबी ८० मिलिमीटर व रुंदी २२ मिलिमीटर असते, म्हणून तिला २२८० म्हणतात. या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला ते जवळजवळ सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही.

दुसरी गोष्ट आकारमानाची. माझी जुनी डिस्क ५०० गिगाबाइटची. दुकानदाराने ४८० गिगाबाइटची एसएसडी पुढे केली आणि म्हणाला, “विसाचा तर फरक आहे ताई, तुमची डिस्क निम्मी रिकामीच असेल.” मी घेणारच होते. सुदैवाने आपल्या संगणक कक्षातील मामांना आधी फोन केला. मामांनी हिशेब सांगितला. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर प्रत्यक्षात ५०,०१० कोटी बाइट असतात आणि ४८० च्या एसएसडीवर ४८,०१० कोटी. सबंध शिवाराची नक्कल करावयाची तर शेवटच्या २००० कोटी बाइटना जागाच नाही, मग तेथे काही लिहिलेले असो वा नसो. निरोगी डिस्क असती तर आधी विभाग आखडून घेता आला असता. परंतु विभाग आखडणे म्हणजे आतील फाइली इकडच्या तिकडे हलवणे, आणि आजारी डिस्कवर तेच करावयाचे नसते. म्हणून मी ५१२ गिगाबाइटची घेतली. तिच्यावर ५१,२११ कोटी बाइट असतात. ‘कमवा व शिका’ योजनेतील माझे तीन महिन्यांचे मानधन त्यात गेले.

येथे एक शंका अनेकांना येते. ५०० गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये ४६५ च का दिसते? यात फसवणूक नाही. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक धरते. माप तेच, पायली निराळी.

एसएसडीबरोबर साटा-यूएसबी अशी एक केबल घ्यावी. तिच्या साह्याने नवी ड्राइव्ह बाहेरून जोडता येते. केबल यूएसबी ३ ची असावी. १२० गिगाबाइट मजकूर सेकंदाला ८० मेगाबाइटच्या वेगाने गेला तर २५ मिनिटे लागतात. यूएसबी २ वर वेग ३० च्या आसपास राहतो, म्हणजे तेच काम एक तास सात मिनिटांचे होते.

निरोगी डिस्कची नक्कल

ज्यांची डिस्क केवळ मंद आहे, बिघडलेली नाही, त्यांचे काम सोपे आहे. बिघडली आहे की नाही, हे कसे ओळखावे? प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य साधनाने ती वाचता येते. तीत दुसरीकडे हलवलेले सेक्टर व वाचता न आलेले प्रलंबित सेक्टर असे दोन आकडे असतात. ते शून्य असतील तर उत्तम. वाढत असतील, तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे असे समजावे.

डिस्क निरोगी असली तरी महत्त्वाच्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लावले असेल, तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि क्लोन करण्यापूर्वी कुलूप काढावे. नंतर एसएसडी केबलने जोडावी. बहुतेक एसएसडी कंपन्या क्लोनसाठी साधन देतात. क्लोनझिला हे साधन तर विनामूल्य असून कोणत्याही कंपनीच्या ड्राइव्हवर चालते. साधन दोनच गोष्टी विचारते: कोठून घेऊ व कोठे ठेवू? या दोन उत्तरांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्व नाहीसे होते. क्लोनच्या कामात याहून मोठी चूक दुसरी नाही.

आजारी डिस्कची नक्कल

माझ्या डिस्कचे प्रलंबित सेक्टर पहिल्या दिवशी ४० होते, दुसऱ्या दिवशी ७२ झाले. मामा म्हणाले, “आधी जे जिवाभावाचं आहे ते काढ. बाकीचं मागून.” मी ओव्यांचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवू लागले. ५८ ध्वनिमुद्रणे आली. पाचांपाशी यंत्र अडकले व डिस्क टक् टक् करू लागली. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागले, तेव्हा मामांनी थांबवले. खरवडलेल्या जागी शीर्ष वारंवार फिरवले, तर जखम वाढते. विंडोजचे डिस्क दुरुस्त करणारे साधनही अशा वेळी मूळ डिस्कवर चालवू नये. दुरुस्ती करावयाची ती नकलेवर. मूळ प्रतीला हात लावू नये. हे सूत्र हस्तलिखितांच्या अभ्यासाला जितके लागू, तितकेच डिस्कलाही लागू आहे.

अशा डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचे विनामूल्य साधन आहे. सिस्टमरेस्क्यू ही लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन तिच्यावरून लॅपटॉप सुरू केला म्हणजे ते वापरता येते. विंडोज जागेच होत नसल्याने डिस्कवर नव्याने काही लिहिलेही जात नाही. साध्या क्लोन साधनापुढे खराब सेक्टर आला की ते अडून बसते. डीडीरेस्क्यूची रीत निराळी आहे. आधी जे सहज वाचता येते ते सारे उतरवून घ्यावयाचे, अडेल तेथून पुढे उडी मारावयाची, आणि चांगले सर्व हाती आल्यावर मग मागे वळून सोडलेले तुकडे थोडे थोडे करून वाचावयाचे. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवावेत असे सर आपणांस सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा गुण म्हणजे काय वाचले, काय राहिले याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवते. तिला मॅप फाइल म्हणतात. ही फाइल तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे आणखी एका पेन ड्राइव्हवर ठेवावी. वीज गेली तर काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. जेथे थांबले तेथून पुढे चालू होते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी कमजोर झालेली असल्याने याचे महत्त्व मला विशेष पटले.

शनिवारी दुपारी रेक्टर बाईंची परवानगी घेऊन मी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत बसले. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे मिळतात. एक डिस्क ५०० ची, दुसरी ५१२ ची. नुसत्या आकारावर विसंबले तर गफलत व्हायची. म्हणून मी दोन्हींचे मॉडेल क्रमांक कागदावर लिहिले, जुनीपुढे ‘येथून’ आणि नवीपुढे ‘येथे’ असे मांडले आणि आज्ञा लिहिल्यावर मामांना फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. सबंध डिस्कवर लिहावयाचे असेल तर या साधनाला सक्तीची खूण द्यावी लागते, एरवी ते नकार देते. तो नकार म्हणजे पुन्हा एकदा वाचून पाहण्याचा इशाराच समजावा. एंटर कळ दाबताना माझा हात कापत होता, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

निरोगी अवस्थेत ५०० गिगाबाइट सेकंदाला ७५ मेगाबाइटच्या वेगाने दोन तासांच्या आत उतरले असते. माझे काम रविवारी सकाळपर्यंत चालले. रात्री दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा मॅप फाइलच्या आधाराने पुढे चालू केले. दुसऱ्या फेरीत खराब सेक्टर प्रत्येकी तीन वेळा वाचून पाहण्यास सांगितले. अखेरीस सबंध डिस्कपैकी ३१२ किलोबाइट वाचता आले नाहीत. एवढ्या मोठ्या शिवारात हा वाफाही नव्हे. परंतु तो नेमका कोणत्या गटात पडला असेल, हा प्रश्न होताच.

ड्राइव्ह बसवणे

आता प्रत्यक्ष बसवण्याचे काम. लॅपटॉप पूर्ण बंद करावा. चार्जर काढावा, बॅटरी बाहेर निघत असेल तर तीही काढावी आणि सुरू करण्याची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. लोखंडी खिडकीसारख्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरील स्थिर विजेचा निचरा करावा. हिवाळ्यात आणि लोकरीचे कपडे अंगावर असताना ही काळजी विशेष घ्यावी.

पाठीमागचे स्क्रू लहानमोठे असतात. ते निघतील तसे कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून त्या त्या जागी ठेवावेत. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर करू नये, एखादा स्क्रू राहिला आहे असे समजावे. कडेला जुने प्लॅस्टिकचे कार्ड सरकवीत झाकण उचलावे. बॅटरी आतच असेल, तर तिची जोडणी सर्वांत आधी सोडवावी.

हार्ड डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. चौकटीचे स्क्रू काढून डिस्क जोडणीपासून सरळ मागे ओढावी. वर उचलू नये, नाहीतर दाते वाकतात. तीच चौकट नव्या एसएसडीला लावावी आणि जुनी निघाली त्याच दिशेने नवी सरकवावी. एसएसडीची जाडी ७ मिलिमीटर असते व काही जुन्या डिस्क साडेनऊ मिलिमीटरच्या असतात. अशा वेळी फरक भरून काढण्यासाठी एसएसडीबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावावी. एम-डॉट-टू पट्टी असेल तर ती तिरपी धरून खाचेत सरकवावी, मग हलकेच खाली दाबून एकच स्क्रू लावावा. स्क्रू घट्ट असावेत, पण पिळून बसवलेले नसावेत.

बसवल्यानंतर

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी. क्लोन केलेल्या दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच असते, त्यामुळे विंडोजचा गोंधळ होऊ शकतो. सुरू झाल्यावर डिस्क तपासणारे साधन चालवावे. आता ते चालवण्यास हरकत नाही, कारण हाती आहे ती नक्कल. एसएसडी मूळ डिस्कहून मोठी असेल तर शेवटी थोडी जागा कोणत्याच विभागात न आलेली दिसते. ती विभागाला जोडता येते किंवा तशीच राखीव ठेवली तरी चालते. हार्ड डिस्कचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची जुनी सवय मात्र आता सोडावी. एसएसडीला तिचा उपयोग नाही, उलट झीज होते.

आणखी एक सूचना. क्लोनमुळे प्रणाली नवी होत नाही. जुन्यावर विंडोज १० असेल तर नव्यावरही तेच येते, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा पुढे नवी प्रणाली घ्यावी की लिनक्सकडे वळावे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

सर्वांत शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्लोन ही राखीव प्रत नव्हे. जुनी डिस्क बाजूला पडली की पुन्हा एकच प्रत उरते. एसएसडीही न सांगता बंद पडू शकते आणि दीर्घकाळ वीज न देता ठेवली तर तिच्यातील इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. म्हणून जे मोलाचे आहे त्याच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत असावी. माझ्या ओव्यांची एक प्रत आता लॅपटॉपवर आहे, एक पेन ड्राइव्हवर गावी आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि एक आपल्या मराठी विभागाच्या संगणकावर आहे.

माझा लॅपटॉप पूर्वी नऊ मिनिटांत सुरू होई, आता अर्ध्या मिनिटाच्या आत होतो. परंतु त्या रविवारी मी घड्याळाकडे पाहिले नव्हते. प्रथम ती अडकलेली पाच ध्वनिमुद्रणे उघडून ऐकली. चार पूर्ण आली. पाचव्यात आजीचा आवाज मध्येच तुटतो आणि तीन सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. हिशेब केला तर तीन सेकंदांच्या आवाजास सुमारे ४८ हजार बाइट लागतात, म्हणजे ४०९६ बाइटचे बारा सेक्टर. गेले ते एवढेच.

पुढच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा आजीच्या जोडीने जाते ओढणाऱ्या शेजारच्या काकूंना मी ते ऐकवले आणि मधली ओळ काय असेल ते विचारले. काकूंनी ओवी म्हणून दाखवली. मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “आमी आसं म्हनायचो बाई. पर तुजी आजी त्या दिशी काय म्हनली आसंल, ते म्या कसं सांगू?”

वाचकहो, काकूंनी सांगितलेली ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे आणि तिच्यापुढे ‘काकूंच्या सांगण्यावरून’ अशी नोंदही केली आहे. आपणांपैकी ज्यांच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर असे काही एकाच प्रतीत पडून असेल, त्यांनी हा अंक मिटल्यावर पहिले काम दुसरी प्रत काढण्याचे करावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (मराठी)